शिक्का वस्तूला असतो, जोडणीला नाही

बाळा, काल संध्याकाळी गोठ्यावर लावायचा दिवा दाखवायला तू मला अंगणात बोलावलंस. खटका दाबलास आणि पार बांधापर्यंत पांढरा लख्ख उजेड पडला. तू माझ्या तोंडाकडं बघत होतास आणि मी दिव्याच्या पाठीकडं. पाठ किती तापली ते बघायला तू हात पुढं केलास, तेव्हा मी ओरडलो. दिवा वाईट झालाय म्हणून नाही ओरडलो. दिवा पेटता असताना, त्याच्या अंगात करंट आहे का नाही हे न तपासता तू उघड्या ॲल्युमिनियमला हात लावत होतास. समोर सांगायला बसलो तर चार गोष्टी राहून जातील, म्हणून लिहून देतो. हा कागद तुझ्या हत्यारांच्या पेटीत ठेव.

दिव्याची गरज मला कळते. आपल्याकडं लाइट रात्रीची येते, उसाला दारं धरायला रात्रीच जावं लागतं आणि शिरूर तालुक्यात आता बिबट्या ही काही ऐकीव गोष्ट राहिलेली नाही. गोठ्यापुढं, विहिरीपाशी, कांद्याच्या बराखीपाशी मोठा उजेड असावा, असं प्रत्येकाला वाटतं. पण ज्या दिव्यानं जनावराचं रक्षण करायचं, त्याच दिव्याच्या खांबाला जनावर चिकटून मेलं तर काय करायचं?

हे मी बघितलंय. मेलं नाही, पण थोडक्यात राहिलं. बरीच वर्षं झाली, एलईडीचे मोठे दिवे बाजारात नवीन होते. एका गोठ्यावर मी स्वतः एक दिवा बसवला. चिप वेगळी, ड्रायव्हर वेगळा, मागं ॲल्युमिनियमची जाड पट्टी, आणि सगळं लोखंडी खांबाला नटबोल्टनं आवळलेलं. अर्थिंगची तार ओढली नाही, कारण ‘एलईडी आहे, बत्तीस-छत्तीस व्होल्टवर चालते, तिला कशाला अर्थिंग’ असं मला वाटलं होतं. पावसाळा लागला आणि गाय त्या खांबाजवळ जाईना. ओढून नेली तरी पाय रोवून मागं सरायची. माणसं चपला घालून जात होती, त्यांना काही जाणवत नव्हतं. जनावराचं तसं नसतं. त्याचे पुढचे आणि मागचे पाय लांब असतात, ओल्या जमिनीवर दोन्हीमध्ये व्होल्टेजचा फरक पडतो, आणि पायात पायताण नसतं. आपल्याला कळणार नाही इतका करंट गाईला कळतो. मी खांबाला टेस्टर लावला तर टेस्टर पेटला. चिपच्या पट्टीला लावलेल्या एका स्क्रूचं डोकं झाळलेल्या टोकाला टेकलं होतं, आणि ड्रायव्हर असा होता की त्याची आतली बाजू सरळ मेनशी जोडलेली.

त्या गाईनं मला जे शिकवलं ते आधी सांगतो.

ड्रायव्हर दोन जातींचे असतात. एकात मधे ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळं येणारी लाइट आणि जाणारी लाइट यांचा धातूनं संबंध नसतो. त्याला आयसोलेटेड म्हणतात. दुसऱ्यात तो नसतो. बाहेर ३६ व्होल्टच निघतात, पण ते ३६ व्होल्ट मेनच्या डोक्यावर बसलेले असतात. मीटरचे दोन्ही पिन एलईडीच्या दोन तारांना लावले तर ३६ दाखवील. त्यातला एक पिन जमिनीला लावलास तर शंभर-दोनशे दाखवील. बाहेरून दोन्ही ड्रायव्हर सारखेच दिसतात. ओळखायची रीत अशी : ड्रायव्हर मेनपासून सोडव, त्यातले कपॅसिटर उतरायला पाच-दहा मिनिटं थांब, मीटर डायोडच्या खुणेवर ठेव, एक पिन इनपुटच्या तारेला आणि दुसरा आउटपुटच्या तारेला लाव. चारही जोड्या तपास, प्रत्येक जोडी उलटसुलट करून. कुठंही आकडा आला तर तो आयसोलेटेड नाही असं समजून चालायचं. गोठ्यावर, विहिरीवर, जिथं ओल आहे आणि धातूला हात लागू शकतो, तिथं तो ड्रायव्हर वापरायचा नाही. स्वस्त मिळाला तरी नाही.

आणि ती जी गोल पांढरी पाटी मिळते, जिच्यावर चिपा आणि बारीक आयसी एकत्रच बसवलेल्या असतात आणि जी सरळ २३० व्होल्टला जोडायची असते, ती तर हौशी पोरानं हातातच धरू नये. तिच्या पाठीचं ॲल्युमिनियम आणि वरचा तांब्याचा पत्रा यांच्यामध्ये इन्सुलेशनचा एक थर असतो, जेमतेम एक दशांश मिलिमीटर जाड. तुझ्या वहीचं एक पान घे, तेवढाच. त्या पानाच्या एका बाजूला मेनची फेज आणि दुसऱ्या बाजूला तुझं बोट. कारखान्यात तिच्यावर प्लास्टिकचं पूर्ण कव्हर चढतं, म्हणून तिथं चालतं. उघडी विकत घेऊन खिळ्यानं पत्र्यावर ठोकायला ती बनवलेली नाही.

आता शिक्क्याचं. तू काल मला सांगितलंस, ‘आबा, ड्रायव्हर आयएसआयचा आहे, चिप पण सीईवाली आहे.’ यातली एकेक गोष्ट उलगडून बघू.

आयएसआय म्हणजे इंडियन स्टँडर्ड्स इन्स्टिट्यूशन, १९४७ साली निघालेली संस्था. १९८७ पासून तिच्या जागी बीआयएस म्हणजे भारतीय मानक ब्युरो आलं, पण लोकांच्या तोंडी आणि शिक्क्यावर आयएसआय राहिलं. वायर, प्लग, सॉकेट, एमसीबी यांवर तो शिक्का असतो, त्याच्यावर मानकाचा क्रमांक असतो, म्हणजे पीव्हीसी वायरीला ६९४, प्लग-सॉकेटला १२९३, आणि खाली सीएम/एल लिहून परवान्याचा नंबर असतो. एलईडीच्या सामानाची गोष्ट वेगळी आहे. इलेक्ट्रॉनिक वस्तूंची सक्तीची नोंदणी २०१२ च्या सरकारी आदेशानं आली. एलईडी बल्ब आणि एलईडीचे ड्रायव्हर त्या यादीत २०१४ साली घातले गेले, नंतर फ्लडलाइट आणि रस्त्यावरचे दिवेही आले. त्यांच्यावर जो शिक्का असतो त्यात ‘आर’ आणि पुढं आठ आकड्यांचा नंबर असतो. तेव्हा तुझ्या ड्रायव्हरवर नुसतं ‘आयएसआय’ असं छापलेलं असेल आणि आर-नंबर नसेल, तर आधी तिथंच शंका घ्यायची. बीआयएस केअर नावाचं ॲप आहे, फुकट आहे, त्यात आर-नंबर टाकला की नोंदणी कोणाच्या नावावर, कुठल्या वस्तूची, चालू आहे का संपली, हे दिसतं. नंबर खरा निघाला तरी थांबू नकोस, वस्तू तीच आहे का बघ. ॲडॅप्टरचा नंबर ड्रायव्हरवर छापून माल बाजारात येतो, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

सीई हा युरोपच्या बाजाराचा शिक्का. अशा बहुतेक सामानाला तो बनवणारा स्वतःच लावतो, स्वतःच लिहून देतो की माझी वस्तू तुमच्या नियमात बसते. कोणी बाहेरच्यानं तपासलंच पाहिजे असं नाही. प्रामाणिक कारखानदाराच्या हातात त्याला किंमत आहे, पण पुण्याच्या तपकीर गल्लीत पिशवीत सुटी मिळालेल्या चिपवर तो छापलेला असेल तर त्याला काय धरायचं? आरओएचएस म्हणजे शिसं, पारा असली द्रव्यं मर्यादेत आहेत एवढंच, शॉक लागणार नाही असं ते सांगत नाही. अमेरिकेतला यूएल मात्र बाहेरच्या संस्थेनं तपासून दिलेला असतो. ती संस्था १८९४ ची, विम्याच्या धंद्यातून निघालेली, कारण विजेच्या आगींची भरपाई देऊन कंपन्या हैराण झाल्या होत्या.

आता मुद्द्याचं ऐक. समज, ड्रायव्हर अस्सल आहे, त्याचा नंबर खरा आहे. प्रयोगशाळेनं त्याचं काय तपासलं? तो ड्रायव्हर, त्याच्या डब्यात, त्याच्यावर लिहिलेल्या बेतात. तू त्याला कुठल्या चिपला जोडलंस, ती चिप कुठल्या पत्र्यावर बसवलीस, स्क्रू किती आवळलास, वायर कुठल्या धारेवरून नेलीस, हे त्यांनी बघितलेलं नाही. दोन चांगल्या शिक्क्यांच्या वस्तू जोडल्या म्हणून जोडलेली तिसरी वस्तू शिक्क्याची होत नाही. ज्या क्षणी तू झाकण काढलंस किंवा वायर तोडून दुसरीकडं जोडलीस, त्या क्षणापासून तपासणारा तूच. घाबरून सोडून दे असं मी म्हणत नाही. तपासणं तुझ्या अंगावर आलं, एवढंच कळलं पाहिजे.

ते लोक काय तपासतात हे कळलं की घरी काय करायचं ते आपोआप सुचतं. एलईडी बल्बाच्या सुरक्षिततेचं मानक आयएस १६१०२ चा पहिला भाग. त्यात बल्ब ४८ तास दमट कपाटात ठेवतात, ९१ ते ९५ टक्के आर्द्रतेत, आणि मग इन्सुलेशन मोजतात. आपल्याकडचा आषाढ तिथं दोन दिवसांत आणतात म्हण. त्यानंतर कामाच्या व्होल्टेजच्या कितीतरी पट व्होल्टेज लावून बघतात. एक धातूचं बोट असतं, आपल्या बोटासारखं सांध्यात वाकणारं, ते प्रत्येक फटीत घालून बघतात की करंटच्या भागाला टेकतं का. लाल तापलेली तार, ६५० अंशाची, प्लास्टिकला अर्धा मिनिट टेकवून धरतात आणि काढल्यावर ते विझतं का जळत राहतं ते बघतात. आणि मुद्दाम बिघाड करतात, आतला एखादा भाग शॉर्ट करून, आणि आग लागते का बघतात. ही शेवटची परीक्षा मला सगळ्यात आवडते. वस्तू बिघडणारच, पण बिघडताना तिनं घर जाळू नये.

धातूचं बोट आपल्याकडं नाही, पण धाकट्या बहिणीचं बोट किती बारीक आहे ते बघ आणि तेवढी फटही ठेवू नकोस. तापली तार नाही, पण डब्याच्या प्लास्टिकची एक चकती चिमट्यात धरून बाहेर अंगणात पेटवून बघता येते. जे मेणबत्तीसारखं जळत राहतं आणि ठिबकतं, त्याच्या डब्यात मेनची जोडणी ठेवायची नाही. दमट कपाट नाही, पण पोत्यात गुंडाळून, पोतं ओलं ठेवून, दोन रात्री दिवा ठेवता येतो. आणि मग मेगर.

मेगरचं महत्त्व तुमच्या पिढीला कळत नाही, कारण प्रत्येकाच्या हातात मल्टिमीटर आहे. मल्टिमीटर ओहम मोजताना दोन-तीन व्होल्ट टाकतो. तेवढ्यावर फाटकं इन्सुलेशनसुद्धा शाबूत दिसतं. मेगर ५०० व्होल्ट टाकतो, तेव्हा खरं काय ते बाहेर येतं. दिवा मेनपासून पूर्ण सोडव. फेज आणि न्यूट्रल एकत्र पिळ, मेगरची एक तार त्यांना, दुसरी दिव्याच्या बॉडीला. मग तसंच एलईडीच्या दोन्ही तारा एकत्र बांधून बॉडीशी बघ. एकत्र बांधल्याशिवाय चिपवर मेगर लावायचा नाही, चिप मरेल. पुस्तकात साध्या इन्सुलेशनला २ मेगओहम चालतात. मी २० च्या खाली आलं तर दिवा टांगत नाही. नवीन सुक्या दिव्याला शंभरच्या वर आलंच पाहिजे. कमी आलं तर कुठंतरी स्क्रूचं डोकं टेकलंय, नाहीतर वायर धारेवर सोलली आहे.

उष्णतेकडं येतो. ड्रायव्हर चांगला असूनही हौशी माणसाचे दिवे मरतात ते बहुतेक इथंच.

तू शाळेत पाच मिलिमीटरच्या लाल एलईडीवर शिकलास. २० मिलिअँप, दोन व्होल्ट, म्हणजे वॉटाचा पंचविसावा भाग. तिला रेझिस्टर लावला की झालं. ती तापते का, असा प्रश्नच नसतो. काल तू जी चिप बसवलीस ती ५० वॉटची, म्हणजे तसल्या साडेबाराशे एलईडी एका बोटभर चौकोनात. आणि तू तिला तळहाताएवढ्या पत्र्यावर बसवलंस.

जुना पिवळा बल्ब आठव. कोंबडीच्या पिल्लांवर आपण तो ऊब द्यायला टांगत होतो. त्याची उष्णता उजेडाबरोबरच पुढं फेकली जायची. एलईडीच्या उजेडात ऊब नसते, म्हणून लोकांना वाटतं ती थंड आहे. तिची सगळी उष्णता मागच्या बाजूनं, पाठीतून जाते. आणि पाठीतून जायला वाट दिली नाही तर आतच कोंडते. स्वस्त चिपला दहा वॉट दिले तर त्यातले सहा-सात उष्णताच होतात. म्हणजे तुझ्या ५० वॉटच्या चिपमधून तीस-पस्तीस वॉट नुसती उष्णता निघते. सोल्डरिंगचा लहान गन घेऊन तो पत्र्याला रात्रभर टेकवून ठेवण्यासारखं आहे ते.

माझा हिशेब असा, पंखा नसेल तर उष्णतेच्या प्रत्येक वॉटाला ६० चौरस सेंटिमीटर पृष्ठभाग, हवा लागणारा. तेवढ्यात पाठ भोवतालच्या हवेपेक्षा पंधरा-वीस अंशांनी वर जाते. पस्तीस वॉटांना एकवीसशे चौरस सेंटिमीटर झाले. दोन्ही बाजू धरल्या तरी साधारण साडेबत्तीस सेंटिमीटरचा चौकोनी पत्रा लागेल, आणि तोही पातळ असून चालत नाही. पातळ पत्र्यात मधला भाग भाजतो आणि कडा गार राहतात. तीन मिलिमीटरच्या खाली जाऊ नकोस, किंवा सरळ पंख असलेला हीटसिंक घे. पंख उभे ठेवायचे, म्हणजे गरम हवा त्यांच्यामधून वर चढते. आडवे टांगलेस तर हवा तिथंच साचते. कॉम्प्युटरच्या प्रोसेसरचा पंखेवाला हीटसिंक बरेच जण वापरतात. टेबलावर ठीक आहे. गोठ्यात भुसा, कोळ्याची जाळी, कडब्याची धूळ, सहा महिन्यांत पंखा बंद आणि त्यानंतर तासाभरात चिप गेली. गोठ्याला पंखा नको.

चिप आणि हीटसिंक यांच्यामध्ये काय असतं? डोळ्यांना दोन्ही सपाट दिसतात. पण कानशीनं घासलेल्या ॲल्युमिनियमवर नख फिरव, खाचा लागतात. त्या खाचांत हवा असते, आणि हवेसारखा उष्णतेचा शत्रू नाही. ॲल्युमिनियम उष्णता जितकी नेतं, त्याचा हजारावा भागही हवा नेत नाही. म्हणून थर्मल पेस्ट. पण पेस्ट हे औषध जास्त झालं की विष होतं. तीसुद्धा ॲल्युमिनियमच्या शंभराव्या भागाइतकीच उष्णता नेते, तिचं काम खाचा भरायचं, गादी व्हायचं नाही. मी काल झाकण उघडून बघितलं, तू केकवर लावतात तशी लावली होतीस. आधी पृष्ठभाग बारीक पॉलिश पेपरनं काचेवर ठेवून घास, स्पिरिटनं पुस, मधोमध हरभऱ्याएवढा ठिपका ठेव, चिप दाबून जराशी मागंपुढं सरकव. मग उचलून बघ. दोन्ही बाजूंना पातळ, सगळीकडं सारखा, पाठीमागचं ॲल्युमिनियम अंधुक दिसेल इतका थर आला पाहिजे. कुठं कोरडं राहिलं तर पृष्ठभाग वाकडा आहे, परत घास.

स्क्रू चारही आधी हातानं टेकव, मग कोपऱ्यासमोरचा कोपरा असं थोडंथोडं आवळ. एकच आधी घट्ट केलास तर दुसरं टोक उचलतं. सिरॅमिकच्या पाटीवरची चिप असेल तर ती तडकते, आणि तो तडा दिसत नाही. स्क्रूच्या डोक्याखाली नायलॉनचा वायसर घाल, माझ्या गाईला आठवून. एक वॉट, तीन वॉटच्या ताऱ्यासारख्या पाट्यांवर स्क्रूची खाच आणि झाळायची टोकं इतकी जवळ असतात की एम-३ च्या मोठ्या डोक्याचा स्क्रू टेकतोच. डोकं लहान घे किंवा चिकटवायची थर्मल टेप वापर. पिवळ्या चिपवर बोटानं दाबायचं नाही. ती मऊ रबरासारखी असते, आणि खाली केसाहून बारीक सोन्याच्या तारा असतात.

झाळताना एक अडचण येईल. या पाट्यांचं ॲल्युमिनियम गनची सगळी उष्णता पिऊन टाकतं, कथील वितळतं पण पसरत नाही, गोळा बसतो. तो गोळा म्हणजे कोरडा सांधा. पाटी हीटसिंकवर बसवायच्या आधीच झाळ, ६० वॉटचा गन घे, टोकं आधी कथिलानं ओली कर. आणि वायरीला ताण येऊ देऊ नकोस, हीटसिंकलाच तिचा पट्टा बांध, म्हणजे ओढ सांध्यावर येणार नाही.

एक बारकी गोष्ट, जी मला कोणी सांगितली नव्हती. दिवा पाण्यापासून बंद करायला तू सिलिकॉन लावतोस. ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा आंबट वास येतो, ते बंद दिव्यात वापरायचं नाही. त्याची आंबट वाफ आतच कोंडते आणि चिप काळी पडते, तांबं खराब होतं. न्यूट्रल लिहिलेलं घे, आणि ते सुद्धा पूर्ण वाळल्यावरच झाकण बंद कर.

चिपला करंट मोजून द्यावा लागतो, व्होल्टेज मोजून नाही. एलईडी तापली की तिला लागणारं व्होल्टेज उतरतं. व्होल्टेज तेवढंच ठेवलंस तर करंट चढतो, करंट चढला की ती अजून तापते, आणि हे चक्र चिप जळेपर्यंत थांबत नाही. म्हणून ड्रायव्हरवर मिलिअँपचा आकडा बघायचा. आणि चिपवर जेवढं लिहिलंय त्याच्या सत्तर टक्के दे. उजेडात तुला फरक कळणार नाही, आयुष्यात कळेल. दोन चिपा एकाच ड्रायव्हरला शेजारी-शेजारी, म्हणजे पॅरललमध्ये, जोडू नकोस, त्या सारखा वाटा घेत नाहीत, एक जास्त पिते आणि आधी जाते. आणि ड्रायव्हर चालू असताना चिप जोडायची नाही. मोकळा ड्रायव्हर आपल्या पोटात सगळ्यात वरचं व्होल्टेज साठवून बसलेला असतो, चिप लावली की एका झटक्यात तिच्यात ओततो. आधी चिप, मग मेन, हा क्रम कधी मोडू नकोस.

डोळ्यांची काळजी घे. पांढरी एलईडी ही मुळात निळी असते. १९९३ च्या सुमारास जपानात शुजी नाकामुरा यांनी तेजस्वी निळी चिप करून दाखवली, २०१४ मध्ये त्यांना आणि आणखी दोन शास्त्रज्ञांना नोबेल मिळालं. त्या निळ्या चिपवर पिवळा लेप दिला की उजेड पांढरा दिसतो. ५० वॉटच्या उघड्या चिपकडं बघू नकोस, तपासताना तोंड भिंतीकडं करून लाव. आणि गोठ्यावर टांगताना तोंड खाली कर. रस्त्यानं मोटरसायकलवर येणाऱ्याच्या डोळ्यांत गेलं तर तो बांधावरून खाली जाईल.

टांगायच्या ठिकाणचं सांगतो. दिव्याच्या बॉडीला अर्थिंगची हिरवी तार पाहिजे, आणि जिथं ती लावशील तिथला रंग खरवडून काढ. ॲल्युमिनियमवर जो चकचकीत थर दिलेला असतो तोही करंट अडवतो, म्हणून दात असलेला वायसर घालून आवळ आणि मीटरनं बघ की खरंच लागलंय. वायर डब्यात खालून घ्यायची, आणि आत जाण्याआधी तिला खाली पोट सोडायचं, म्हणजे पाणी तिथूनच ठिबकेल. पेटलेला दिवा आतली हवा तापवतो, पाऊस पडला की ती आकसते आणि एखाद्या फटीतून पाणी आत ओढून घेते. पाठीवर धूळ-पाणी अडवण्याचा ६५ आकडा लिहिलेल्या दिव्यातही तू वायरीसाठी भोक पाडलंस की तो आकडा संपला. लाइनीवर करंट गळला की लाइन तोडणारी ३० मिलिअँपची आरसीसीबी असल्याशिवाय गोठ्याचा दिवा चालू करायचा नाही, आणि तिचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबायचं. आपल्या लाइनीत न्यूट्रल तुटतं, हे तुला माहीत आहे. तुटलं की २३० च्या जागी चारशेपर्यंत चढतं. तेव्हा ड्रायव्हर मरणारच. तो लोखंडी डब्यात, कडब्यापासून लांब मेला पाहिजे, एवढी तजवीज आपण करायची.

खरं सांगू? पहिला दिवा बारा व्होल्टच्या बॅटरीवर कर. दहा वॉटची चिप, बॅटरीच्या प्लसपाशी विती-अर्ध्या वितीच्या आत फ्यूज, आणि बारा व्होल्टवर चालणारा करंटचा ड्रायव्हर. विहिरीवर दारं धरायला जाताना तो हातात घेऊन जाशील. त्यात चूक झाली तर चिप जाईल, माणूस जाणार नाही. चुका तिथं कर, पोटभर कर. मेनकडं नंतर ये.

शिकायला लांब जायची गरज नाही. शेजारी पाबळला विज्ञान आश्रम आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रातली नोकरी सोडून १९८३ साली आपल्या या कोरडवाहू भागात आले आणि हातानं काम करत शिकायची शाळा काढली. २००२ मध्ये तिथं फॅब लॅब सुरू झाली, अमेरिकेतल्या एमआयटीच्या बाहेरच्या पहिल्या काही लॅबांपैकी ती एक. जा, बघ. हत्यारांपेक्षा तिथली एक रीत बघ : मोजल्याशिवाय कोणी ‘झालं’ म्हणत नाही.

आणि परवा आळीतल्या तिघांनी तुला विचारलं, ‘आम्हालाही करून दे, पैसे घे.’ मला बरं वाटलं, पण नाही म्हण. स्वतःसाठी करणं वेगळं आणि विकणं वेगळं. सक्तीच्या नोंदणीच्या यादीतली वस्तू विकायला करायची तर नोंदणी पाहिजे, मान्य प्रयोगशाळेतून तपासून घ्यावी लागते, हा कायदा आहे. कायदा बाजूला ठेव. तुझा दिवा तू रोज बघतोस, वास आला तर तुला कळतो. दुसऱ्याच्या गोठ्यात तो कोण बघणार? त्यांना नोंदणी असलेला तयार दिवा घ्यायला सांग, आणि त्यांचं अर्थिंग मात्र तू जाऊन फुकट तपासून दे. त्या कामाला कुठलाच नंबर लागत नाही आणि गावात त्याचीच जास्त गरज आहे.

तुझ्या ५० वॉटच्या दिव्याचं आता असं करू. पत्रा काढ. आयसोलेटेड ड्रायव्हर आहे का ते चार जोड्या लावून बघ आणि वहीत लिही. हीटसिंक मी पुण्याहून आणलाय, पडवीत गोणपाटाखाली ठेवलाय, त्याचं तोंड अजून घासायचं आहे. बसवून झालं की शनिवारी दुपारी, पत्र्याखाली सगळ्यात जास्त उकाडा असतो तेव्हा, तो आठ तास पेटता ठेवायचा. दर तासाला खटका बंद, प्लग काढून, पाठीला हात. तीन आकडे मोजेपर्यंत हात ठेवता आला तर पाठ पंचावन्न अंशांच्या आसपास आहे, चालेल. त्याआधी हात निघाला तर करंट कमी करायचा. मेगर माझ्या ट्रंकेत आहे. त्याचा पट्टा तुटलाय, हँडल फिरवायला दोघं लागतात, एकानं धरायचं आणि एकानं फिरवायचं. मी धरीन.